आधी माळ राखा

जुलै उजाडला की राज्यभर खड्डे खणायला सुरुवात होते. शाळा, बँका, तरुण मंडळे, साखर कारखाने, पुढाऱ्यांचे वाढदिवस, सगळे रोपे घेऊन निघतात आणि जिथे जागा मोकळी दिसेल तिथे वळतात. २०१६ ते २०१९ या चार पावसाळ्यांत तर सरकारनेच दोन कोटींपासून तेहतीस कोटींपर्यंत चढत जाणारी उद्दिष्टे ठेवली होती. हेतूबद्दल शंका नाही. पण सोलापूरच्या माळावर, गुडघाभर गवतात, रोप हातात धरून उभ्या असलेल्या माणसाला हात जोडून सांगावेसे वाटते की दादा, इथे नको. ही जागा रिकामी नाही.

इथे काळवीट राहते. लांडगा राहतो, खोकड राहते. चंडोल, धाविक, तितर इथे जमिनीवरच अंडी घालतात. हिवाळ्यात मध्य आशियातून आलेले भोवत्ये याच गवतावरून सायंकाळी खाली उतरतात आणि तिथेच जमिनीवर रात्र काढतात. एकेकाळी इथे माळढोक राहत होता. त्याच्यासाठीच सरकारने अभयारण्य जाहीर केले, त्याच्याच नावाने नान्नजला पाटी लागली. आज तो पक्षी तिथे जवळजवळ नाही. गेल्या काही वर्षांतल्या नोंदी पाहिल्या तर अधूनमधून दिसणारी एखादी एकटी मादी, एवढेच.

मग आता कशासाठी धडपडायचे, असे सोलापुरात लोक विचारतात. पक्षी गेला, आता अभयारण्याची बंधने तरी काढा, म्हणतात. प्रश्न रास्त आहे. पण बंधने काढून माळ गेला तर तो पुन्हा मिळणार नाही, आणि पक्ष्याच्या बाबतीत दार अजून पुरते लागलेले नाही. म्हणून या अभयारण्याला पुढच्या चाळीस वर्षांचा विचार करणारा आराखडा हवा आणि तो आताच हवा.

आधी हा पक्षी कसा जगतो ते पाहू, कारण आराखड्याचे सगळे गणित त्यातूनच निघते. पूर्ण वाढलेला नर मीटरभर उंच असतो आणि त्याचे वजन पंधरा किलोपर्यंत जाते. जगातल्या सर्वांत वजनदार उडणाऱ्या पक्ष्यांत त्याची गणना होते. पावसाळ्यात तो माळावरच्या एखाद्या उंचवट्यावर उभा राहतो, गळ्याची पिशवी जमिनीपर्यंत फुगवतो आणि घुमणारा आवाज काढतो. त्या आवाजावरूनच जुनी माणसे त्याला हूम म्हणत. मादी उघड्या जमिनीवर, बहुधा एकच अंडे घालते. सुमारे चार आठवडे ती ते उबवते आणि पुढे कित्येक महिने पिल्लाला बरोबर घेऊन फिरते. नर यात काडीची मदत करत नाही. कुत्र्याने ते अंडे खाल्ले, मेंढरांच्या खुराखाली ते आले किंवा ट्रॅक्टर त्यावरून गेला, की तो हंगाम हातचा गेलाच. वयात यायलाही मादीला काही वर्षे लागतात. अशा पक्ष्याची संख्या घटायला दहा वर्षे पुरतात, वाढायला मात्र एका माणसाची सगळी नोकरी अपुरी पडते.

१९६९ मध्ये देशभरात साधारण १२६० माळढोक असावेत असा अंदाज होता. अलीकडचा अंदाज दीडशेच्या आसपासचा, आणि त्यातले बहुतेक राजस्थानात. कच्छमध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या माद्या उरल्या. २०११ पासून जागतिक लाल यादीत हा पक्षी नामशेष होण्याच्या सर्वांत जवळच्या गटात आहे.

आता नान्नज. सोलापूरपासून वीसेक किलोमीटरवरचे हे गाव द्राक्षवाल्यांना वेगळ्याच कारणाने माहीत असते. सोनाका नावाचे लांबट द्राक्ष मूळचे इथले. पक्षीवाल्यांना ते माहीत झाले सत्तरच्या दशकात. सोलापूरचे पक्षिनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी या माळावरचे माळढोक जगापुढे आणले आणि चिकाटीने त्यांच्या नोंदी ठेवल्या. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी तेव्हा ताज्या होत्या. दुष्काळप्रवण क्षेत्र कार्यक्रमातून जमिनीचे काही तुकडे बंद करून तिथे गवत वाढवले गेले. गुरांना वैरण मिळावी, माती वाहून जाऊ नये, एवढाच त्यामागचा विचार. माळढोकाला तेच तुकडे मानवले. वैरणीसाठी राखलेल्या कुरणात पक्षी येऊन नाचू लागला, अंडी घालू लागला. पुढे काय करायचे याचे उत्तर त्या सुरुवातीतच होते. गवत माणसासाठी राखले आणि पक्षी आपणहून आला.

१९७९ मध्ये माळढोक पक्षी अभयारण्य जाहीर झाले. सोलापूर आणि तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर, या दोन जिल्ह्यांतले ८४९६ चौरस किलोमीटर. गोव्याचे क्षेत्रफळ ३७०२ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे दोन गोवे आत बसतील आणि वर जागा उरेल. मोहोळ, माढा, करमाळा, कर्जत, श्रीगोंदा अशा तालुक्यांतली गावेच्या गावे नकाशावरच्या रेषेत आली. त्यात वनखात्याची जमीन अगदी थोडी आणि तीही विखुरलेल्या तुकड्यांत. बाकी सगळी शेते, गायराने, वस्त्या, बाजारपेठा. रेषा ओढणाऱ्यांनी पक्षी कुठेकुठे दिसतो ते पाहिले होते, तिथे माणसे कशी जगतात ते पाहिले नव्हते.

लगोलग १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले. माळरान जसेच्या तसे राहावे असे एक खाते म्हणत होते आणि दुसरे खाते त्याच जिल्ह्यात कालवे खणत होते. दोन्ही कागदांवर सह्या एकाच मंत्रालयातल्या. या दोन निर्णयांची एकमेकांशी गाठ घालून द्यावी असे कोणालाही वाटले नाही. दीर्घकालीन नियोजन नसणे म्हणजे काय, याचे याहून सोपे उदाहरण मला तरी माहीत नाही.

त्याआधीचा सोलापूर जिल्हा पाऊस कमी, माळ फार आणि रब्बी ज्वारी जिकडेतिकडे असा होता. वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी. मालदांडी ज्वारी परतीच्या पावसावर पेरायची, नुसत्या ओलीवर ती माघ-फाल्गुनात काढणीला यायची. पावसाळ्यातले तीन महिने ते रान मोकळेच असे. माळढोकाला नुसते गवत पुरत नाही. गवताच्या कडेला उघडे रान, ज्वारीची ताटे, करडई, भुईमूग, बोरीची झुडपे, नाकतोडे आणि भुंगेरे हे सगळे त्याला लागते. कोरडवाहू शेती आणि कुरण यांच्या सरमिसळीत तो टिकला होता. शेतकरी त्याचा शेजारी होता, वैरी नव्हता.

पाणी आले, ऊस आला. ज्याच्या बांधापर्यंत कालवा आला त्याने ज्वारीच पेरत राहावी असे म्हणण्याचा अधिकार पुण्यात बसून दुर्बीण साफ करणाऱ्याला नाही. पण उसाच्या फडात माळढोक उतरत नाही, आणि द्राक्षबागेच्या तारांमधून तर नाहीच. हेही तितकेच खरे आणि कोणाला तरी ते १९८० मध्येच मोठ्याने म्हणायला हवे होते.

अभयारण्याच्या रेषेच्या आत सापडलेल्या माणसांची कुचंबणा मात्र खरी होती. जमिनीचा व्यवहार करायचा, रस्ता रुंद करायचा, कारखाना काढायचा, प्रत्येक ठिकाणी अभयारण्य आडवे. पक्षी कधी बघितला नाही, पण त्याच्यामुळे काम अडले, असे हजारोंच्या वाट्याला आले. त्यातून एका पक्ष्याबद्दल जो राग साचला तो अजून गेलेला नाही. शेवटी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गोष्ट गेली आणि २०१२ च्या सुमारास अभयारण्य १२२२ चौरस किलोमीटरवर आले. सातातला एक हिस्सा उरला.

अनेक निसर्गप्रेमींना ही कपात म्हणजे पराभव वाटते. मला तसे वाटत नाही. आठ हजार चौरस किलोमीटरचे अभयारण्य कधी अस्तित्वातच नव्हते, कागद तेवढा होता. खरा तोटा झाला तो तीस वर्षांचा. रेषा कुठे असावी यावर दोन्ही बाजू भांडत राहिल्या आणि रेषेच्या आतले गवत कसे राखायचे या प्रश्नाकडे लक्ष देण्याइतकी उसंत कोणालाच राहिली नाही. तेवढ्यात पक्ष्यांच्या दोन पिढ्या संपल्या.

मध्य प्रदेशातल्या करेराची गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण ती आपल्या पुढे एक पाऊल आहे. शिवपुरी जिल्ह्यातले करेरा अभयारण्य १९८१ मध्ये माळढोकासाठीच जाहीर झाले. सुरुवातीची वर्षे चांगली गेली, पक्षी वाढले. ऐंशीच्या दशकात असद रहमानी आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी तिथे आणि नान्नजलाही बारकाईने काम केले होते. पण संरक्षण मिळाल्यावर करेरात काळवीटही वाढले आणि पिकात शिरू लागले. खाजगी जमिनींवर बंधने होतीच. लोक चिडले. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत तिथला माळढोक संपला. पक्ष्यावाचून अभयारण्य पुढे कित्येक वर्षे कागदावर राहिले, आणि अखेरीस तेही रद्द करण्यापर्यंत मजल गेली. लोक जिंकले म्हणावे तर त्यांच्या हाती तीस वर्षांची अडवणूक आली. पक्षी तर हरलाच. नान्नजमध्येही संरक्षणामुळे काळवीट वाढले, तिथेही ते ज्वारीत आणि हरभऱ्यात शिरते, तिथेही शेतकरी रात्र जागून काढतो. करेराच्या वाटेवर आपण बरेच अंतर चाललो आहोत.

आपल्याकडे अभयारण्याचा व्यवस्थापन आराखडा साधारण दहा वर्षांचा असतो. तो करणारा अधिकारी तीन वर्षांत बदलून जातो. पुढचा येतो, त्याला पाणवठे आवडतात, तो पाणवठे बांधतो. त्याच्यानंतरच्याला मनोरे आवडतात. एखाद्याच्या काळात मृदसंधारणाचा निधी येतो आणि भर गवतात सलग समतल चर खणले जातात, त्या चरांच्या मातीवर गिरिपुष्प लावले जाते. निधी खर्च होतो, छायाचित्रे निघतात, अहवाल जातो. गवताळ माळावर चर खणणे म्हणजे माळाची पाठ नांगरणे, आणि तिथे गिरिपुष्प किंवा सुबाभूळ लावणे म्हणजे शिकारी पक्ष्यांना आणि कावळ्यांना अंडी हेरण्यासाठी मचाण बांधून देणे. माळढोकाला दूरवर दिसायला हवे. झाडे आली की तो ती जागा सोडतो. हे कळायला मोठे संशोधन लागत नाही, पण खात्याच्या कोष्टकात गवत वाढवले यासाठी रकानाच नसतो. रोपांचा आकडा भरायला मात्र जागा असते.

जुन्या महसुली कागदांत ज्या जमिनीतून सारा येत नाही ती पडीक. ती सवय इंग्रज गेले तरी गेली नाही. आजही सरकारी पडीक जमिनींच्या नकाशात आपली झुडपी माळराने आणि कुरणे बिनदिक्कत बसतात. पडीक म्हटले की ती कशालाही देता येते. सौर प्रकल्प, पवनचक्क्या, औद्योगिक वसाहत, कचरा डेपो, वृक्षारोपण, सगळ्यांना आधी माळच आठवतो. जंगल तोडायचे तर निदान आरडाओरडा होतो. माळ मोडला तर विकास झाला म्हणून पेढे वाटतात.

तेव्हा चाळीस वर्षांच्या आराखड्यात पहिले पान गवताचे हवे. पवना, मारवेल, शेडा, कुसळी ही आपली देशी गवते. यांतली चांगली गवते जास्त चराईने जातात आणि कुसळी तेवढी उरते. पण चराई पूर्ण बंद केली तरी चालत नाही. गवत दाट, उंच, राठ होते, त्यातून पक्ष्याला चालता येत नाही आणि उन्हाळ्यात एका ठिणगीने सगळे जळून जाते. गवताला जनावर लागते, फक्त ते योग्य वेळी आणि योग्य संख्येने लागते. पावसाळ्यात विणीचा काळ असताना काही पट्टे पूर्ण बंद ठेवायचे. बी पडल्यावर गवत कापू द्यायचे आणि ते गावाला द्यायचे. मग आळीपाळीने चरायला मोकळे करायचे, एखादा पट्टा मुळीच न मोडता राखायचा. कोणता पट्टा कोणत्या वर्षी, हे पुढच्या चाळीस वर्षांसाठी आज लिहून ठेवता येते. पाऊस फसला तर काय करायचे हेही लिहिता येते, कारण सोलापुरात पाऊस फसणार हे तर ठरलेलेच आहे.

हे काम वनरक्षक एकटा करू शकत नाही. त्याला माळ माहीत असलेली माणसे हवीत आणि ती आहेत. धनगर मेंढपाळ पिढ्यान्‌पिढ्या हा माळ चालत आलेले आहेत. कुठे कोणते गवत, कुठल्या ओढ्याला कधीपर्यंत पाणी, लांडग्याची बिळे कुठे, हे त्यांना तोंडपाठ असते. शेतकरी त्यांची मेंढरे आपल्या रानात बसवतात आणि लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे देतात. असा समतोल ज्यांनी कोणत्याही खात्याच्या मदतीशिवाय चालवला त्यांना अभयारण्यात घुसखोर ठरवणे हा नुसता अन्याय नाही, तो मूर्खपणाही आहे. मेंढपाळाला चराईचा लेखी हक्क, ठरलेले पट्टे, ठरलेला काळ आणि लांडग्याने मेंढरू मारले तर वेळेवर भरपाई मिळू दे. तो माळाचा पहिला राखणदार होईल. २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव संरक्षण कायद्यात अभयारण्यांच्या व्यवस्थापन आराखड्याला आधार मिळाला आहे. अनुसूचित क्षेत्रांत आणि वनहक्क कायदा लागू असलेल्या ठिकाणी तो ग्रामसभेशी सल्लामसलत करून करावा असेही त्यात आहे. सोलापूरच्या गावांनी कायदा आपल्याला लागू पडतो की नाही याची वाट का पाहावी? आराखडा ग्रामसभेत वाचला गेलाच पाहिजे असा आग्रह कोणतेही गाव धरू शकते.

दुसरे पान तारांचे. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, समोरचे त्याला कमी दिसते. एवढे वजन घेऊन उडताना ऐनवेळी वळताही येत नाही. उच्चदाबाच्या तारांना धडकून तो मरतो, हे राजस्थानातल्या अभ्यासाने पुरेसे सिद्ध झाले आहे. याच प्रश्नावर एम. के. रणजितसिंह सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७२ चा वन्यजीव कायदा घडवण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, तेच हे गृहस्थ. २०२१ मध्ये न्यायालयाने राजस्थान आणि गुजरातच्या माळढोक क्षेत्रांत तारा जमिनीखाली घालण्याचा आदेश दिला. २०२४ मध्ये तो आदेश शिथिल करून तज्ज्ञांची समिती नेमली, कारण सौर आणि पवनऊर्जेचीही देशाला गरज आहे. गरज आहेच. पण ज्या माळावर पक्षी परत यावा असे आपल्याला वाटते तिथून तार कुठून जावी हे आज ठरवणे स्वस्त आहे. खांब उभे राहिल्यावर न्यायालयात जाणे महाग पडते आणि तोवर पक्षी मरतात.

कुत्र्यांबद्दल बोलले की लोक दुखावतात, तरी बोलायला हवे. गावाच्या कडेला टाकलेली मेलेली कोंबडी आणि हॉटेलांचे उष्टे यांवर वाढलेली भटकी कुत्री माळावरच्या अंड्यांची, पाडसांची आणि खोकडांची सर्वांत मोठी शत्रू झाली आहेत. पुण्याजवळच्या माळांवर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचे जनुकीय तपासणीत आढळले आहे. म्हणजे लांडगा गोळीने मरण्याऐवजी कुत्र्यांत विरघळून संपू शकतो. अभयारण्याभोवतीच्या गावांचा कचरा हा अभयारण्याच्या आराखड्याचा भाग आहे. सध्या तो कोणाच्याच आराखड्यात नाही.

आता ज्या प्रश्नाने सुरुवात केली त्याकडे येतो. पक्षीच नाही तर माळ कोणासाठी? राजस्थानात जैसलमेर जिल्ह्यात, सम आणि रामदेवरा इथे, २०१९ पासून माळढोकाची अंडी आणून कृत्रिमरीत्या उबवण्याचे काम चालू आहे. केंद्र सरकार, राजस्थान सरकार आणि भारतीय वन्यजीव संस्था हे मिळून करत आहेत. तिथल्या पक्ष्यांची संख्या साठच्या आसपास पोचली. २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिले पिल्लूही जन्मले. आता ही पिल्ले पिंजऱ्यातच माणसाळून जाऊ नयेत, त्यांना कधीतरी मोकळे सोडावे, हा सगळ्या खटाटोपाचा हेतू आहे. सोडायचे कुठे? आधी राजस्थानातच, हे उघड आहे. महाराष्ट्राची पाळी लवकर येणार नाही. पंधरा वर्षे लागतील, कदाचित पंचवीस. त्या दिवशी कोणी विचारले की दख्खनमध्ये माळढोकाला जागा आहे का, तर आपल्याकडे दाखवायला पाच-सहा मोठे, एकमेकांना जोडलेले, बिनतारेचे, बिनगिरिपुष्पाचे गवताळ पट्टे असायला हवेत, आणि ज्यांना तो पक्षी नकोसा वाटत नाही अशी गावे असायला हवीत. गवत तयार व्हायला काही पावसाळे लागतात. गावाचे मन वळायला त्याहून जास्त. म्हणून आज सुरुवात करायची.

आणि समजा, माळढोक कधीच परतला नाही. तरीही हिशेब तोट्याचा नाही. माळ राखला तर लांडगा टिकेल, जो भारतात वाघाइतकाच दुर्मीळ होत चालला आहे असे जाणकार सांगतात पण ज्याच्यासाठी एकही प्रकल्प गाजत नाही. तणमोर कधी वाट वाकडी करून उतरेल. वैरण मिळेल. गवताची मुळे जमिनीत खोल कार्बन साठवतात, आणि तो आग लागली तरी जमिनीतच राहतो. ओढे थोडे जास्त वाहतील. कर्जत तालुक्यातले रेहेकुरी काळवीट अभयारण्य १९८० चे, क्षेत्रफळ जेमतेम २.१७ चौरस किलोमीटर. बारामतीजवळचे मयूरेश्वर ५.१४ चौरस किलोमीटर. ही चिमुकली अभयारण्ये एकेकटी टिकणार नाहीत. मधली गायराने राखली तर ती नान्नजशी एका साखळीत येऊ शकतात. इंदापूरच्या कडबनवाडीत वनखात्याने गवताळ सफारी सुरू केली, तेव्हा माळावर नुसते गवत बघायलाही पैसे देऊन माणसे येतात हे गावाला कळले. छोटीशी सुरुवात आहे, पण दिशा बरोबर आहे.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे कुरणे आणि पशुपालक यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले. त्या निमित्ताने परिषदा होतात, बोधचिन्हे निघतात. नान्नज, मार्डी, मोहोळ, करमाळा इथल्या माणसाने मात्र परिषदेची वाट पाहू नये. त्याच्या हातात बरेच काही आहे.

तुमच्या गावचे गायरान किती एकर आहे, सातबाऱ्यावर काय लिहिले आहे, हे तलाठ्याकडून काढून आणा. त्यावर कोणता प्रकल्प येऊ घातला आहे का ते विचारा. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिच्याकडे लोकजैवविविधता नोंदवही हवी. ती नोंदवही उघडून बघा. बऱ्याच ठिकाणी ती घाईघाईत, शेजारच्या गावाची नक्कल करून भरलेली असते. तुमच्या माळावरची गवते, पक्षी, प्राणी त्यात नावानिशी लिहून घ्या, कारण नोंद नसलेला माळ पडीकच ठरतो. सामुदायिक किंवा खाजगी जमिनीवर गावाच्या संमतीने सामुदायिक राखीव क्षेत्र करण्याची तरतूद वन्यजीव कायद्यात २००३ पासून आहे. त्यात मालकी गावाची गावाकडेच राहते. ज्या गावाला सरकारी अभयारण्याची धास्ती वाटते त्याने ही वाट जरूर तपासावी.

सोलापूरच्या बाहेर, पुण्या-मुंबईत आणि परदेशांत असलेल्या सोलापूरकरांनी गावाच्या नावाने झाडे लावण्यासाठी देणगी देण्याआधी झाडे कुठे लागणार ते विचारावे. रस्त्याच्या कडेला, शाळेच्या आवारात, बांधावर, ओढ्याकाठी हवी तेवढी लावा. गवतात नको. त्या पैशांतून एखाद्या गावाला गवतकापणीची यंत्रे, मेंढपाळाला लसीकरण किंवा कुत्र्यांच्या नसबंदीची मोहीम देता आली तर माळाला त्याचा उपयोग जास्त होईल. पक्षिनिरीक्षकांनी विणीच्या काळात छायाचित्रासाठी गवतात गाड्या घालू नयेत. हे सांगावे लागते याचीच लाज वाटते.

आणि वनखात्याला एकच मागणी. माळढोक अभयारण्याचा पुढचा आराखडा मराठीत छापा, गावागावांत चावडीवर वाचा, त्याची मुदत चाळीस वर्षांची ठेवा आणि दर पाच वर्षांनी त्याच चावडीवर येऊन काय झाले, काय राहिले ते सांगा. अधिकारी बदलला तरी आराखडा बदलणार नाही एवढी हमी द्या. गवत वाढवले यासाठी अहवालात एक रकाना उघडा.

येत्या पंधरा ऑगस्टला तुमच्या गावात ग्रामसभा भरेल. झेंडावंदनानंतर बहुतेक लोक निघून जातात, तुम्ही थांबा. गायरानात झाडे, चर आणि तारा येणार नाहीत, आणि ते वैरणीसाठी व पाखरांसाठी कुरण म्हणूनच राहील, एवढ्या दोन ओळींचा ठराव मांडा. सूचक तुम्ही व्हा, अनुमोदक एखादा मेंढपाळ होऊ दे. ठरावाची एक प्रत तहसीलदाराला, एक वनखात्याला द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.